विंडोज १० ‘बंद’ झालं म्हणून कॉम्प्युटर मोडीत काढू नका

‘विंडोज १० बंद झालं, आता नवीनच घ्या,’ असं दुकानात ऐकून आलेल्या वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो: खरंच घ्यावं लागेल का? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. घरातला, झेरॉक्स सेंटरमधला, बचत गटाचा किंवा पतसंस्थेचा कॉम्प्युटर इथे सहा-आठ वर्षं सहज चालवला जातो. इंटरनेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दुरुस्तीला मूलला नाहीतर चंद्रपूरला जायचं, आणि धान विकून हाती आलेल्या पैशाला आधीच दहा वाटा.

बहुतेकांना नवीन घ्यावं लागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ‘विंडोज चांगलं की त्याच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स’ असा वाद घालून तुमचा निर्णय होणार नाही. तुमचं रोजचं काम कोणत्या मशीनशी, कोणत्या सॉफ्टवेअरशी आणि कोणत्या फॉन्टशी बांधलेलं आहे, यावर तो ठरतो.

बंद नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही. विंडोजमध्ये यापुढे सापडणाऱ्या नव्या त्रुटी मात्र बुजवल्या जाणार नाहीत, आणि चोर नेमके तिथूनच शिरतात. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची मुदतही त्याच दिवशी संपली. तीही चालू राहतात.

ज्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेलंच नाही, नुसती बिलं निघतात, त्याला हात लावू नका. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, लोकांची आधार कार्डं आणि दाखले साठवलेले असतात, त्याचं मात्र लवकर ठरवा.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय दिली आहे. जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६. ती घ्यायची तर:

- विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी.
- मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन करावं लागतं.
- विंडोजच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. तो नको असेल तर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण.
- नोंदणीचा दुवा सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’च्या पानावरच दिसतो.

हे काम तुम्ही स्वतः घरी बसून करू शकता. ‘मुदत वाढवून देतो’ म्हणून कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर ते पैसे मायक्रोसॉफ्टला जात नाहीत, एवढं लक्षात असू द्या. आणि ही नुसती सवड आहे; तेवढ्यात पुढचं ठरवायचं.

दुकानात जाण्याआधी स्वतः पाहा

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडा. प्रोसेसरचं नाव आणि रॅम तिथे लिहिलेली असते. इंटेलच्या नावातला आकडा नीट वाचा: ‘आय३-६००६’ म्हणजे सहावी पिढी, ‘आय५-८२५०’ म्हणजे आठवी. विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवलं तर तेच हो किंवा नाही सांगतं. हो आलं तर विंडोज १० वरून ११ वर जाणं फुकट आहे.

नाही आलं, तरी काही दुकानांत ‘आम्ही बसवून देतो’ असं सांगतात. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, हे खरं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या सुरक्षेसाठी खटाटोप केला, तीच अधांतरी राहते. माझं मत: हे करू नका.

आता दुसरी गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’वर जा आणि डिस्कचा प्रकार पाहा. तिथे ‘एचडीडी’ असेल आणि कॉम्प्युटर सुरू केल्यावर डिस्कचा आलेख बराच वेळ १०० टक्क्यांना टेकून बसत असेल, तर तुमचं दुखणं विंडोज नसून फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवा. ‘माझा कॉम्प्युटर फार स्लो झाला’ या तक्रारीवर याहून स्वस्त आणि खात्रीचा इलाज नाही. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

कोणी विंडोज सोडू नये?

सल्ले देणारे नेमकं इथे चुकतात. ‘लिनक्स फुकट आहे, टाका’ असं ऐकून एखाद्या सेवा केंद्राने कॉम्प्युटर पुसून घेतला, तर दुसऱ्या दिवशी अंगठा लागत नाही आणि बाहेर रांग उभी. पुढीलपैकी एकही गोष्ट तुमच्या कामात असेल तर त्या कॉम्प्युटरवर विंडोजच ठेवा:

- अंगठ्याचं मशीन. आधार पडताळणीच्या उपकरणांना ‘आरडी सर्व्हिस’ नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनवलेलं असतं.
- टॅली. पतसंस्था, कृषी केंद्र, किराणा ठोक यांचे हिशेब टॅलीत असतील तर ते विंडोजसाठीच आहे.
- डिजिटल सही. पेन ड्राइव्हसारखं डीएससी टोकन काही ठिकाणी लिनक्सवर चालतं, पण सरकारी पोर्टलची सोबतची साधनं चालतीलच असं नाही. निविदेच्या शेवटच्या दिवशी हा प्रयोग नको.
- कोरलड्रॉ, पेजमेकर, श्री-लिपी. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावतीबुकं छापणाऱ्यांचा संसार याच तिघांवर उभा असतो.
- काही जुने प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० झेरॉक्स सेंटरमध्ये हमखास दिसतो. लिनक्सवर तो चालवायला वेगळा ड्रायव्हर आणि बराच संयम लागतो.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांना एक मधला मार्ग आहे. अंगठ्याचं आणि सहीचं काम एका चांगल्या विंडोज मशीनवर ठेवा. बाजूचा जुना कॉम्प्युटर फॉर्म भरणं, फोटो छोटे करणं, प्रिंट देणं यासाठी लिनक्सवर न्या. दोन्ही नवीन घेण्याची गरज पडत नाही.

लिनक्सवर कोणी जावं, आणि कसं?

गोंडवाना विद्यापीठाचे अर्ज भरणारे विद्यार्थी, अर्ज-पत्रं लिहिणारे, शाळेतले शिक्षक, घरी व्हिडिओ पाहणारे आणि बँकेचं खातं ब्राउझरमधून चालवणारे यांनी बिनधास्त जावं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतात. म्हणजे ते फक्त इंजिनिअरांसाठी आहे, हा समज सोडून द्या.

लिनक्सचे प्रकार ढीगभर. त्यांची तुलना करत बसू नका. विंडोजची सवय असलेल्यांनी लिनक्स मिंट घ्यावं. रॅम ४ जीबी असेल तर त्यातली ‘एक्सएफसीई’ आवृत्ती. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

१. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात मावत नाही. चंद्रपूरला वाय-फाय असलेल्या नातेवाइकाकडे किंवा कॉलेजात उतरवून पेन ड्राइव्हवर आणा.
२. ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर ती ‘बूट’ होईल अशी लिहून घ्या. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.
३. पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा. आतल्या डिस्कला धक्का न लावता मिंट वापरून पाहता येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी टायपिंग आणि तुमच्या रोजच्या दोन-तीन वेबसाइटी तिथेच तपासा. पेन ड्राइव्हवरून ते हळू चालतं, त्यावरून मत बनवू नका.
४. पटलं तरच बसवा, तेही फाइलींची प्रत काढून झाल्यावर.

‘एकाच डिस्कवर दोन्ही ठेवू’ हा मोह बहुतेकांना होतो. नवशिक्याने तो टाळावा. नवी एसएसडी घेतलीच आहे तर मिंट तिच्यावर बसवा आणि विंडोजची जुनी हार्ड डिस्क तशीच काढून कपाटात ठेवा. नाही जमलं तर ती परत लावली की सगळं पूर्ववत.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस मिळतं. ते विंडोजवरही फुकट चालतं, म्हणून आधी तिथेच महिनाभर वापरून पाहणं शहाणपणाचं. मराठीत अक्षराचा आकार किंवा फॉन्ट बदलला तरी मजकूर ढिम्म हलत नाही, ही त्यातली नेहमीची तक्रार. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगवेगळे धरतं. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिथे मराठी निवडा, म्हणजे दोन्ही फॉन्ट वेगळे लावता येतात. दुसऱ्याला पाठवायचं पत्र अंतिम झालं की पीडीएफ करूनच पाठवा. कोणाच्याही कॉम्प्युटरवर ते सारखंच दिसेल.

खरा खड्डा: जुन्या मराठी फाइली

कॉम्प्युटर बदलताना पैशापेक्षा जास्त नुकसान इथे होतं. ग्रामसभेचे ठराव, बचत गटांच्या याद्या, संस्थेची कार्यवृत्तं वर्षानुवर्षं कृतिदेव, श्री-लिपी किंवा आयएसएमच्या डीव्ही-टीटी फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत. या जुन्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट गेला की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा गुंता दिसतो. लोक समजतात फाइल खराब झाली. ती खराब झालेली नसते, म्हणून घाबरून पुसू नका.

फॉन्ट असला तरी या फाइलींत शोध चालत नाही, आणि तोच मजकूर कुठल्याही सरकारी पोर्टलवर चिकटवला तर कचरा उमटतो. म्हणून कॉम्प्युटर बदलायच्या आधीच त्या युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आणा:

- जुना कॉम्प्युटर चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ काढा. रूपांतर चुकलं तर ताडून पाहायला हीच कामी येते.
- फॉन्टचं नेमकं नाव टिपून घ्या. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्री-लिपीला चालत नाही, आणि श्री-लिपीतही वेगवेगळ्या संचांची आतली मांडणी वेगळी असते.
- कन्व्हर्टर ऑनलाइन फुकट मिळतात. पण सभासदांचे आधार किंवा बँक खात्यांचे आकडे असलेली यादी अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. आकड्यांचा रकाना आधी काढून टाका.
- मूळ फाइल ठेवा. रूपांतरित फाइल नव्या नावाने साठवा.

मग नजरेने वाचा. रफार, जोडाक्षरं, आकडे आणि ऱ्य-ऱ्ह ही अक्षरं कन्व्हर्टर हमखास बिघडवतो. ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ झालेलं निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून फसवा प्रकार असा: हा अर्धा ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. कागदावर दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरला ते वेगळे. त्यामुळे यादीत ‘कुऱ्हाडे’ समोर दिसत असतात आणि शोध म्हणतो सापडले नाहीत. मग कोणीतरी तेच नाव दुसऱ्यांदा भरतं. संस्थेत एक पद्धत ठरवा आणि ‘शोधा-बदला’ वापरून सगळ्या फाइली तिच्यावर आणा.

टायपिंगचं काय?

विंडोज १० आणि ११ वर मराठीसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली मराठी भाषा जोडा. तिच्या पर्यायांत इनस्क्रिप्ट आणि ‘मराठी फोनेटिक’ असे कीबोर्ड मिळतात. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. भाषा जोडली की देवनागरीचे जादा फॉन्टही उतरतात. ‘नव्या कॉम्प्युटरवर मंगल फॉन्टच नाही’ या तक्रारीचं उत्तर तेच.

- इंग्रजी कळा वापरून ‘मराठी’ उमटवण्याची सवय असेल तर फोनेटिक.
- नव्याने शिकत असाल तर इनस्क्रिप्ट. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे मांडणी तीच राहते. ‘ळ’साठी शिफ्ट आणि एन, ‘ऱ’साठी शिफ्ट आणि जे.
- टायपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला असेल तर तो मोडू नका. रेमिंग्टन मांडणी ठेवून युनिकोड देणारी साधनं आहेत. मात्र कॉम्प्युटर बदलायच्या आधी ती तुमच्या नव्या सिस्टिमवर चालतात का, हे स्वतः टाइप करून पाहा.

डेटा खाणारी अपडेट आणि गायब झालेला डेस्कटॉप

हॉटस्पॉट जोडला आणि दिवसाचा पॅक अर्ध्या तासात संपला, तर मोबाइल कंपनीला बोल लावण्याआधी वाय-फायच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. विंडोज मग मोठी अपडेट आपणहून उतरवत नाही. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इतर कॉम्प्युटरना अपडेट वाटण्याची परवानगीही काढा. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. पण कायमची बंद करणारी जुगाडं करू नका. एखाद्या रात्री चांगलं नेट आणि भरवशाची वीज पाहून ती उरकून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर डेस्कटॉप कॉम्प्युटर सुरूच न होण्याची वेळ येते. यूपीएस नसेल तर पावसाळी संध्याकाळी हा उद्योग नकोच. आपल्याकडे विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर ब्रॉडबँडची वायरही काढावी. झटका त्या वाटेनेही येतो.

विंडोज ११ वर आणखी एक गोंधळ होतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की वनड्राइव्ह तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या ताब्यात घेऊ पाहतं. फुकट जागा ५ जीबी. ती भरली की पैसे मागणाऱ्या सूचना सुरू. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून हे बंद करता येतं. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर फाइली वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरात असतात. तिथून उचलून परत आणा.

नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंदही होते. दुरुस्तीनंतर कधी तो ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच वहीत उतरवून ठेवा, आणि दुकानदाराने त्याच्या स्वतःच्या ईमेलने लॉगइन करून दिलं असेल तर आधी ते बदला.

सातबाऱ्याच्या पीडीएफवर पिवळं प्रश्नचिन्ह का, हेही अनेक जण विचारतात. तेवढ्यावरून उतारा खोटा ठरत नाही. बहुतेक वेळा तुमच्या अडोबी रीडरला त्या सहीच्या प्रमाणपत्राची ओळख नसते, एवढंच. सहीवर उजवी कळ दाबून तिचे गुणधर्म उघडा, मुळाशी असलेलं ‘सीसीए इंडिया’चं प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत टाका आणि पुन्हा पडताळा. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर ही पडताळणी होत नाही.

दुकानदाराकडे काय मागाल?

- बिल. मॉडेल, सिरिअल नंबर आणि विंडोज आहे की नाही, हे त्यावर लिहून घ्या. ‘डॉस’वाला, म्हणजे विंडोज नसलेला, स्वस्त लॅपटॉप घेऊन त्यावर चोरीचं विंडोज टाकून देणं सर्रास चालतं.
- ॲक्टिव्हेशन दाखवा म्हणा. सेटिंग्जमधल्या ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं दिसायला हवं. घरच्या लॅपटॉपवर तिथे एखाद्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेचा उल्लेख असेल तर संशय घ्या.
- ‘अँटिव्हायरस बंद ठेवा’ असं सांगितलं तर समजा, क्रॅक टाकलं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. केंद्र किंवा संस्था चालवणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये.
- दुरुस्तीला देताना फाइलींची प्रत आधी काढा, पासवर्ड सांगावा लागला तर काम झाल्यावर बदला, बदललेला जुना भाग परत मागा. जुनी हार्ड डिस्क तुमची आहे; तिच्यावर तुमची कागदपत्रं आहेत.

स्क्रीनवर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी अचानक आली तर फोन करू नका आणि कॉम्प्युटर दुरून दुसऱ्याच्या ताब्यात देणारं एनीडेस्कसारखं काही उतरवू नका. मायक्रोसॉफ्ट असा नंबर कधीच देत नाही. खिडकी बंद होत नसेल तर कॉम्प्युटर बंद करून सुरू करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तू नागपूरहून किंवा ऑनलाइन घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. बिल मात्र हवं.